शिकवणं अंगातच असावं लागतं का?

बी.एड.च्या कुठल्याही महाविद्यालयात सरावपाठ सुरू झाले की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक म्हणजे, "पोरगी अभ्यासात हुशार आहे हो, पण शिक्षिकेचा स्वभावच नाही तिचा." आणि दुसरं, "त्याला काय सांगायचं? मूळचाच बोलका आहे. उभा राहिला की पाठ जिंकलाच." पहिल्या वाक्यानं एखादी मुलगी वर्षभर खचते. दुसऱ्या वाक्याचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, पण मला ते जास्त मोठं वाटतं. "तुझं झकास चाललंय की" असं ज्याला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतं, त्याला पुढे कुणी काही शिकवतच नाही.

कोल्हापुरात या प्रश्नाला आणखी धार आहे. इथल्या अध्यापक महाविद्यालयांत शहरातली मुलं असतात, तशी राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांतून एस.टी.नं येणारी किंवा वसतिगृहात राहणारीही असतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेलं नसतं. अशा मुलीच्या निरीक्षण वहीत ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा पडला, तर तो तिच्या स्वभावाबद्दल आहे, कौशल्याबद्दल आहे, की तिच्या परिस्थितीबद्दल, हे कुणी तपासत नाही. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: स्वभावाचा आणि अध्यापन कौशल्य शिकण्याचा संबंध आहे, पण लोक समजतात त्या जागी नाही. शिक्षक होता येईल की नाही, हे स्वभाव ठरवत नाही. कुठलं कौशल्य स्वस्तात मिळेल आणि कुठल्यासाठी जास्त घाम गाळावा लागेल, एवढंच तो ठरवतो. प्रशिक्षणानं लक्ष द्यायचं ते या दुसऱ्या भागाकडे.

आधी कौशल्य म्हणजे काय ते बघू. ‘सर छान शिकवतात’ असं आपण म्हणतो, तेव्हा सर नेमकं काय करतात? १९६३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांनी शिकवण्याचे लहान लहान, मोजता येतील असे तुकडे पाडले आणि एका वेळी एकाच तुकड्याचा सराव करून घ्यायला सुरुवात केली. तेच आपल्याकडचं सूक्ष्म अध्यापन. भारतात रुळलेल्या पद्धतीत एक फेरी ३६ मिनिटांची असते. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक) ऐकायचं, १२ मिनिटं पाठाची फेरआखणी करायची, पुन्हा ६ मिनिटं शिकवायचं आणि शेवटची ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. समोर पाच-दहा विद्यार्थी असतात, आणि बहुतेक ठिकाणी सहाध्यायीच विद्यार्थी बनून बसतात.

या तुकड्यांची नावं बी.एड. केलेल्या कुणालाही तोंडपाठ असतात: सज्जता प्रवर्तन (पाठासाठी मुलांची उत्सुकता जागवणं), प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, दाखले देणं, प्रबलन, चेतक बदल, फलक लेखन. प्रत्येक कौशल्याचे पुन्हा घटक आहेत. प्रबलन म्हणजे मुलाच्या उत्तराला शब्दानं, मानेनं, हसऱ्या चेहऱ्यानं किंवा ते उत्तर फळ्यावर लिहून दाद देणं. चेतक बदल म्हणजे मुलांचं लक्ष टिकावं म्हणून आवाज, हालचाल, हावभाव यांत बदल करत राहणं. याच यादीत ‘विराम’ हाही घटक आहे, हे विशेष. म्हणजे हातवारे करणं जितकं कौशल्याचं, तितकंच गप्प राहणंही. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आता स्वभाव. एखाद्याचा रुबाब, कपडे, फर्डं इंग्रजी यांच्याशी मानसशास्त्राला इथे काही देणंघेणं नाही. स्वभाव मोजण्याची आज सगळ्यात रुळलेली पद्धत पाच पट्ट्यांची आहे. बहिर्मुखता, म्हणजे माणसांत मिसळून हुरूप येणं. कर्तव्यदक्षता, म्हणजे नेटकेपणा, वेळ पाळणं, हाती घेतलेलं तडीस नेणं. मनमिळाऊपणा. भावनिक स्थैर्य, म्हणजे ताण आला तरी न डगमगणं. आणि नव्याची ओढ. प्रत्येक माणूस या प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडली आणि तेव्हापासून लोक माणसांचे दोन ढीग करू लागले. प्रत्यक्षात बहुतेक माणसं पट्टीच्या मधल्या भागात असतात. टोकाला थोडीच. त्यामुळे ‘ती अंतर्मुख आहे’ या वाक्यातून जितकं कळल्यासारखं वाटतं, तितकं कळत नाही.

मग आकडे काय सांगतात? रॉबर्ट क्लासेन आणि व्हर्जिनिया त्झे यांनी २०१४ मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत एकूण ९,२१६ जण होते. शिक्षकांचा स्वभाव आणि ‘मला हे जमेल’ हा त्यांचा विश्वास, या दोन्हींचा परिणामकारक अध्यापनाशी कितपत संबंध आहे, हे त्यांना पाहायचं होतं. सगळं मिळून सहसंबंध निघाला ०.१२. सहसंबंध १ असेल तर एका गोष्टीवरून दुसरी बिनचूक सांगता येते, ० असेल तर काहीच सांगता येत नाही. ०.१२ चा अर्थ व्यवहारात बघायचा असेल तर असा: या गुणांत जे सरासरीच्या वर आहेत, अशा १०० जणांना घेतलं, तर त्यांतले साधारण ५४ जण शिकवण्यातही सरासरीच्या वर निघतील आणि ४६ जण खाली. नुसतं नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० निघाले असते. चारच माणसांचा फरक. एवढ्या जोरावर एखाद्या मुलीला ‘तुझा स्वभाव नाही’ असं सांगायचं?

याच अभ्यासात एक आकडा मात्र वर उठून दिसतो. ‘मला हे जमेल’ हा विश्वास आणि निरीक्षकांनी वगैरे केलेलं अध्यापनाचं मूल्यमापन, यांचा सहसंबंध ०.२८ होता. तसाच हिशेब केला तर १०० पैकी ५९. हा विश्वास जन्माबरोबर येत नाही, तो घडवता येतो. म्हणून प्रशिक्षणाच्या दृष्टीनं हा आकडा सगळ्यात मोलाचा. त्याकडे पुन्हा येऊ.

२०१९ मध्ये लीसा किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पाच पट्ट्या घेऊन असाच एकत्रित अभ्यास केला. मनमिळाऊपणा सोडून बाकी चारही गुणांचा परिणामकारक अध्यापनाशी काही ना काही संबंध दिसला. पण तो ठळक दिसला ‘शिक्षकाबद्दल इतरांनी केलेल्या मूल्यमापनात’. मुलं प्रत्यक्षात किती शिकली, तिथे तो तितका दिसला नाही.

इथे जरा थांबून विचार करायला हवा. बोलक्या, हसतमुख शिक्षकाबद्दल बघणाऱ्याचं मत चांगलं होतं, हे खरं. पण मुलांना जास्त समजतं का? १९७३ मध्ये डोनाल्ड नॅफ्टुलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ हे नाव देऊन मानसोपचारतज्ज्ञ आणि इतर शिकल्यासवरलेल्या मंडळींपुढे उभं केलं. विषय ऐकायला भारदस्त, पण व्याख्यानात अर्थ जवळजवळ नाही. परस्परविरोधी विधानं, पोकळ शब्द, आणि त्यावर आवाजाची फेक, विनोद, आपुलकी यांची भरपूर पखरण. श्रोत्यांनी त्याच्याबद्दल बहुतांशी चांगलेच अभिप्राय लिहिले. अनुभवी माणसांची ही गत असेल, तर पाठाच्या तासाला मागच्या बाकावर बसून एका वेळी दोन-तीन वह्या भरणाऱ्या निरीक्षकाची काय होत असेल? बहिर्मुख छात्राध्यापकाला, म्हणजे शिकाऊ शिक्षकाला, मिळणाऱ्या मार्कांत त्याच्या कौशल्याचे किती आणि त्यानं पाडलेल्या छापेचे किती, हे वेगळं काढल्याशिवाय त्या मार्कांना फार अर्थ नाही.

आता एक कौशल्य जवळून बघू: प्रश्न विचारून थांबणं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून शिक्षक प्रश्नानंतर किती वेळ थांबतात हे मोजलं. सरासरी निघाली सुमारे १ सेकंद. एका सेकंदात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्याकडे वळतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. हाच वेळ ३ सेकंदांवर नेला की वर्ग बदलतो, असं त्यांना आढळलं. उत्तरं लांबतात, जास्त मुलं आपणहून बोलतात, ‘माहीत नाही’ची संख्या घटते, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद वाचायला काहीच नाहीत. साठ मुलांच्या वर्गात शांतता पसरलेली असताना, मागे निरीक्षक बसलेले असताना तीन सेकंद थांबून बघा. घशाला कोरड पडते.

सातवीच्या वर्गात बाष्पीभवनाचा पाठ आहे, असं धरा. जुलै महिना, बाहेर कोल्हापूरचा पाऊस धरलेला. बोलकी छात्राध्यापिका प्रश्न विचारते, "आपले कपडे उन्हाळ्यात तासाभरात वाळतात आणि आत्ता दोन-दोन दिवस का वाळत नाहीत?" आणि श्वास घ्यायच्या आत, "कारण आत्ता हवेत काय जास्त असतं? बाऽऽ...?" वर्ग एका सुरात ओरडतो, "बाष्प!" पाठ रंगल्यासारखा वाटतो. निरीक्षकही खूश होतात. पण कुणी विचार केला? उत्तराचं पहिलं अक्षर तर तिनंच पुरवलं. शांतता तिला सहन होत नाही. आपण बोलत नसलो की काहीतरी बिघडलंय असं तिला वाटतं, आणि जिथे तिथे तिला तारणारा तिचा गुण नेमका इथे आड येतो.

तोच पाठ, तोच प्रश्न, आणि समोर मितभाषी मुलगी. ती विचारते आणि थांबते. तिच्या थांबण्यात खास काही नाही, तिला घाई नसते इतकंच. चार सेकंदांनी कोपऱ्यातल्या बाकावरून एक मुलगा चाचरत म्हणतो, "मॅडम, हवाच वली असती की ओ. ती अजून कुठलं पाणी घेणार?" अख्ख्या पाठाचा गाभा त्यानं एका वाक्यात सांगितला! आणि ही मुलगी काय करते? हलक्या आवाजात "बरोबर" म्हणते आणि पुढच्या मुद्द्याकडे जाते. पहिल्या तीन रांगांपलीकडे ते उत्तर कुणाला ऐकूच गेलं नाही. त्या मुलाचं वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायचं, "सगळ्यांनी ऐकलं का हा काय म्हणाला?" असं विचारायचं, ते फळ्यावर लिहायचं, हे सगळं प्रबलन राहून गेलं. ज्या स्वभावानं तिला थांबणं फुकट दिलं, त्यानंच आवाज वर चढवणं महाग करून ठेवलं.

या दोघींना एकच शेरा देऊन कसं चालेल? पहिलीनं प्रत्येक प्रश्नानंतर मनात एक-दोन-तीन मोजायचा सराव करायचा. दुसरीनं प्रत्येक उत्तर शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा. दोन्ही सवयी लागायला काही फेऱ्या लागतात. त्यासाठी कुणालाही आपला स्वभाव बदलावा लागत नाही.

तालमीत वस्ताद हेच करतात. जोर-बैठका सगळ्यांना सारख्याच, पण डाव बसवताना अंगकाठी बघतात. उंच, लांब हातापायांच्या पोराच्या हाती एक डाव लवकर लागतो, बुटक्या, भरीव बांध्याच्या पोराला दुसरा. पण समोरचा पैलवान काय टाकणार हे आपल्या हातात नसतं, म्हणून जो डाव अंगाला येत नाही तोही घोटून घ्यावाच लागतो, आणि तोच जास्त वेळ. बी.एड.च्या वेळापत्रकात मात्र प्रत्येक कौशल्याला प्रत्येकाच्या वाट्याला सारख्याच फेऱ्या येतात. कुणाला कशाची गरज आहे, हे बघितलंच जात नाही.

बाकीच्या पट्ट्यांपैकी कर्तव्यदक्षतेचा फायदा उघड आहे. पाठ टाचण वेळेवर, तक्ते तयार, फळ्यावर तारीख-विषय टाकलेला. सूक्ष्म अध्यापनातली फेरआखणीची १२ मिनिटं अशी माणसं खरोखर वापरतात, बाकीचे त्यात चहा पिऊन येतात. तोटा असा की टाचणात नसलेला प्रश्न मुलानं विचारला की यांची गाडी अडते. "तो आपण नंतर बघू" म्हणून बाजूला सारलेला तो प्रश्न अनेकदा तासातला सगळ्यात चांगला प्रश्न असतो. यांच्याकडून मुद्दाम अर्धवट टाचणावर पाठ घ्यायला लावावा, असं माझं मत आहे. नव्याची ओढ असणाऱ्यांचं बरोबर उलट. कल्पना भरपूर, पण मूल्यमापनाच्या पायरीपर्यंत तास पोचतच नाही.

मनमिळाऊ छात्राध्यापकांची अडचण वर्गनियंत्रणात दिसते. "मला ओरडायला जमत नाही," ही त्यांची तक्रार. त्यांच्यासाठी जेकब कूनिन यांचं १९७० चं काम दिलासा देणारं आहे. गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावर वर्गाची शिस्त फारशी अवलंबून नसते, असं त्यांना वर्गांच्या चित्रफिती अभ्यासून दिसलं. फरक पडत होता तो आधीच्या सावधपणामुळे. कुठल्या कोपऱ्यात काय शिजतंय हे शिक्षकाला ठाऊक आहे, याची मुलांना जाणीव असण्यामुळे. फळ्यावर लिहिताना अंग तिरकं ठेवणं, बोलता बोलता त्या बाकापाशी जाऊन उभं राहणं, चुळबुळ वाढायच्या आत त्याच मुलाला सोपा प्रश्न विचारणं. यात ओरडणं कुठेच नाही, आणि मवाळ माणसालाही हे सगळं शिकता येतं.

भावनिक स्थैर्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण प्रशिक्षणात सगळ्यात जास्त माणसं इथे अडखळतात. फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की शिकाऊ शिक्षकाच्या काळज्या एका क्रमानं बदलतात. सुरुवातीला काळजी स्वतःची असते: मी कसा दिसतोय, मुलं हसतील का, सर काय म्हणतील? मग कामाची: पाठ वेळेत संपेल का, साहित्य पुरेल का? आणि त्यानंतर मुलांची: यांना कळलं का? बहुतेक सगळे या वाटेनं जातात. चटकन घाबरणारी माणसं पहिल्या टप्प्यावर जास्त रेंगाळतात, इतकंच. त्यांना प्रत्याभरण देताना दहा चुका एकदम सांगितल्या, तर त्यांच्या कानात एकच वाक्य शिरतं: ‘तुला जमत नाही.’ पुनरध्यापनाची ६ मिनिटं मग आधीपेक्षा वाईट जातात, आणि निरीक्षक लिहितात, ‘प्रगती नाही.’

‘मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याचं उत्तर आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये दिलं. त्यांनी चार झरे सांगितले. स्वतः केलं आणि जमलं, हा सगळ्यात मोठा. आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहिलं, हा दुसरा. विश्वासातल्या माणसानं ‘तुला जमेल’ म्हटलं, हा तिसरा. आणि छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो, हा चौथा. आपल्याकडे भर असतो तिसऱ्यावर. "घाबरायचं नाही, आत्मविश्वास ठेवायचा!" बोलून विश्वास येत असता तर काय हवं होतं? पहिला झरा वाहता करायचा तर ज्याच्या त्याच्या स्वभावाला सोपं जाईल ते कौशल्य आधी द्यायला हवं. बुजऱ्या मुलीचा पहिला सूक्ष्म पाठ फलक लेखनाचा किंवा दाखल्यांचा ठेवा. तो नीट पार पडू द्या. चेतक बदल चौथ्या-पाचव्या फेरीत येऊ द्या. आणि दुसऱ्या झऱ्यासाठी तिला महाविद्यालयातल्या सगळ्यात फर्ड्या मुलाचा आदर्श पाठ दाखवू नका. तो बघून ती आणखी आक्रसेल. गेल्या वर्षी तिच्याचसारखी असलेली, आता सावरलेली कुणी असेल, तिचा पाठ दाखवा.

आता सुरुवातीला म्हटलेला तिसरा धागा, परिस्थिती. माझ्या मते कोल्हापुरात सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो.

१९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी मानसशास्त्रज्ञांना एक अडचणीचा प्रश्न विचारला. माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो, मग एका ठिकाणच्या वागण्यावरून आपण त्याचा ‘स्वभाव’ कसा काय ठरवतो? पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी आपल्या सगळ्यांचीच एक खोड दाखवली. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या परिस्थितीकडे डोळेझाक करतो आणि सगळं खापर स्वभावावर फोडतो.

ही खोड आपल्या सरावपाठांत बघा. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली घरी, मैत्रिणींत "मी जातो", "मी सांगतो", "मी आलो" असंच बोलतात. त्यात त्यांना काही वेगळं वाटत नाही आणि वाटू नये. पण वर्गात उभं राहिलं की प्रमाण भाषेत बोलायचं असतं. मग प्रत्येक क्रियापदाच्या आधी मनात एक क्षण अडखळ: जातो की जाते, सांगतो की सांगते? चंदगडच्या मुलीची बोली आणखी वेगळी, शिरोळ-गडहिंग्लजच्या सीमेवरच्या घरात कन्नडही असतं. बोलण्यातला ओघ तुटतो, वाक्यं आखूड होतात, नजर खाली जाते. निरीक्षण वहीत शेरा येतो: ‘संकोची स्वभाव. आत्मविश्वास वाढवावा.’ तीच मुलगी वसतिगृहात संध्याकाळी मैत्रिणींना गावच्या म्हाईचं, म्हणजे जत्रेचं, वर्णन करून सांगते, तेव्हा दहाजणी कान टवकारून ऐकत असतात. आवाजातले चढउतार, हावभाव, विराम, चेतक बदलाचे सगळे घटक त्यात असतात. कौशल्य तिच्याजवळ आहे, स्वभावानंही ती संकोची नाही. अडलंय ते भाषेच्या धाकावर.

हे ओळखायचा उपाय साधा आहे. परिस्थिती बदलून बघायची. सहाध्यायींऐवजी पाचवीतली खरी सात-आठ मुलं समोर बसवायची, कारण खोटे विद्यार्थी बनलेले मित्र-मैत्रिणी खऱ्या मुलांपेक्षा जास्त धडकी भरवतात. एक पाठ तिला तिच्या बोलीत घ्यायला सांगायचा. मार्क नाहीत, असं आधी जाहीर करायचं. तरीही ती आक्रसली, तर मग स्वभावाचा विचार करू. पण बहुतेक वेळा ती खुलते. आणि मग तिचं पुढचं काम ठरतं: प्रमाण भाषेतला सराव. ‘आत्मविश्वास वाढवा’ या शेऱ्याचं करायचं काय, हे कुणालाच ठरवता येत नाही.

स्वभाव बदलतो का, हा प्रश्न मुलं विचारतात. बदलतो, पण सावकाश. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. वीस ते चाळीस या वयात माणसांची कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीनं वाढतात, असं त्यांत दिसलं. बी.एड.ला येणारी बहुतेक मुलं याच वयाच्या उंबरठ्यावर असतात. पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात स्वभाव बदलायची वाट बघत बसायचं कारण नाही. ब्रायन लिटल यांनी मांडलंय की आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या कामासाठी माणूस आपल्या मूळ स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो. अंतर्मुख शिक्षक तासभर रंगून बोलतो ते याच बळावर. फक्त त्यानंतर त्याला थोडा एकांत लागतो. सलग चार तास झाल्यावर शिक्षक-खोलीत गप्प बसलेल्या शिक्षकाला माणूसघाणा समजू नये.

सरकारनंही हा विषय हाताळला आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली जाते. २०० गुणांच्या या चाचणीत १२० गुण अभियोग्यतेला आहेत, आणि तिच्या घटकांत समायोजन व व्यक्तिमत्त्व हाही एक आहे. स्वभावाचे प्रश्न मार्गदर्शनासाठी वापरायला माझी हरकत नाही. चाळणी म्हणून ते कच्चे आहेत. एक म्हणजे वर पाहिला तो चार माणसांचा फरक. दुसरं, ‘मला मुलांमध्ये मिसळायला आवडतं’ या वाक्यापुढे नोकरी हवी असलेला माणूस कुठल्या पर्यायावर खूण करेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि जन्मजात शिक्षकच निवडायचे म्हटलं, तर ते पुरणार कुठे? राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. सक्ती आली की गावोगाव शाळा आल्या, आणि शाळा आल्या की शिक्षक घडवणं आलं. सगळ्यांना शिकवायचं असेल तर साध्या, चारचौघांसारख्या स्वभावाच्या माणसांनाच शिकवायला शिकवावं लागतं. लीलाताई पाटील यांनी कित्येक वर्षं भावी शिक्षकांना शिकवलं आणि मग १९८५ मध्ये याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलाकडे बारकाईनं बघायचं, त्याला स्वतःच्या गतीनं शिकू द्यायचं, हा त्या शाळेचा आग्रह. तोच आग्रह छात्राध्यापकांच्या बाबतीत धरायला काय हरकत आहे?

निरीक्षण वहीपासून सुरुवात करता येईल. ‘आवाज वाढवा’, ‘उत्साह हवा’, ‘छान!’ हे शेरे बंद. त्याऐवजी दिसलं ते लिहायचं: ‘नऊ प्रश्न विचारले, सात पहिल्या दोन बाकांना. पाच प्रश्नांची उत्तरं स्वतःच दिली.’ ‘मुलांच्या बरोबर उत्तरांपैकी एकही फळ्यावर आलं नाही.’ असं वाचल्यावर उद्या काय करायचं ते बोलक्यालाही कळतं आणि अबोलालाही.

बी.एड.चा छात्रसेवाकाल (शाळेतली इंटर्नशिप) २० आठवड्यांचा असतो, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. त्यासाठी मुलांना शाळांत पाठवताना जोड्या लावाव्यात आणि त्या मुद्दाम विजोड लावाव्यात: एक बोलकी, एक अबोल. अबोल मुलीनं दुसरीच्या तासाला मागे बसून प्रत्येक प्रश्नानंतरचे सेकंद मोजायचे. बोलकीनं हिच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून किती उत्तरं तिथपर्यंत ऐकू आली, ते टिपायचं. दोघींनी आठवड्याला एकदा वह्या बदलून वाचायच्या. पहिल्या आठवड्यातला तक्ता जपून ठेवायचा, विसाव्या आठवड्यातला त्याच्या शेजारी लावायचा, आणि मार्गदर्शकांनी मार्क द्यायचे ते या दोन तक्त्यांमधल्या फरकाला.